फेडररचे 2008 : घसरण की झुंज?

2008 हे टेनिसपटू रॉजर फेडररच्या घसरणीचे वर्ष होते, या मताशी मी अर्धाच सहमत आहे, आणि ते केवळ चाहता म्हणून नव्हे. जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविचने त्याला उपांत्य फेरीत हरवले, तेव्हा निदान आजारपणाचे कारण देता येत होते. पॅरिसला फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात नदालने 6-1, 6-3, 6-0 असा जो धुव्वा उडवला, त्याला मात्र कोणतीच सबब पुरेशी नव्हती. नदालविरुद्धच्याच विम्बल्डन अंतिम सामन्याची गोष्ट निराळी आहे. पहिले दोन सेट गमावल्यानंतर, चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये (6-6 बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये) दोन मॅच पॉइंट (गमावला तर सामनाच जातो असे गुण) वाचवून, पावसाने पुन्हा पुन्हा अडवलेला सामना त्याने 4 तास 48 मिनिटे लढवला आणि अंधार दाटत असताना पाचवा सेट 7-9 असा गमावला. याला घसरण कसे म्हणायचे? (दुसरा मॅच पॉइंट वाचवणारा तो बॅकहँड पासिंग फटका मी अजूनही अधूनमधून पाहतो.) ऑगस्टमध्ये सलग 237 आठवडे राखलेले जागतिक क्रमवारीतले अव्वल स्थान गेले, हे खरेच; पण त्याच महिन्यात त्याने बीजिंग ऑलिंपिकमध्ये वावरिंकासह दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले आणि सप्टेंबरमध्ये मरेला हरवून सलग पाचव्यांदा यूएस ओपन जिंकले.