क्लबचा फोरम बंद करून सगळं व्हॉट्सॲपवर न्यायचं? माझा ठाम विरोध

निळं_शीड (धागाकर्ता):

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही पुण्यातले हौशी बोटवाले. कोणाची बोट मुळशीला, कोणाची पवनेच्या काठाला, काहींच्या मुरूड-हर्णैला. आमच्या क्लबाचा स्वतःचा फोरम बरीच वर्षं चालू आहे. आता कमिटीने ठराव आणलाय की सर्व्हरचं पुढचं नूतनीकरण करायचं नाही, फोरम बंद करायचा आणि इथून पुढे व्हॉट्सॲप कम्युनिटी आणि फेसबुक ग्रुप एवढंच ठेवायचं. वार्षिक सभेत मतदान आहे. माझं मत विरोधात पडणार. का, ते सांगतो.

पेट्रोलचंच घ्या. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. बहुतेक आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगायचं इंजिन) कंपन्यांच्या पुस्तिकेत मर्यादा मात्र 10 टक्क्यांची. इथेनॉल ओल ओढतं. जूनमध्ये टाकी अर्धी ठेवून बोट झाकून ठेवली की पावसाळा संपेपर्यंत तळाशी पाण्याचा थर वेगळा बसू शकतो, कार्ब्युरेटरचं जेट चिकटतं, जुन्या टू-स्ट्रोकच्या रबरी नळ्या फुगतात. फोरमवर यावर एक धागा आहे. कोणी कोणती नळी घातली, पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये नेमका कुठे बसवला, इंजिन चालू ठेवून पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा कसा करायचा, सगळं आहे. एकाने तर पेट्रोल काचेच्या बरणीत भरून ठेवलं आणि थर दिसायला लागेपर्यंतचे फोटो क्रमाने टाकलेत. बरणीच्या तळाशी ती स्पष्ट रेघ एकदा पाहिली की माणूस पुन्हा अर्धी टाकी ठेवत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडावर येतो. तीच चार उत्तरं येतात, मग कोणाचा तरी वाढदिवस निघतो, पन्नास केक येतात आणि प्रश्न वर निघून जातो. पुढच्या वर्षी नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून विचारतो, आणि ज्याने बरणीचे फोटो काढले होते तो एव्हाना उत्तर देऊन कंटाळलेला असतो. अशाने जाणकार माणसं गप्प होतात. मला भीती त्याची आहे.

आणि ज्यांना वाटतं की या कंपन्या कायम राहतील, त्यांनी आठवून बघावं. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020 ला. त्यावर छंदवाल्यांचं किती लिखाण होतं याची मोजदादच नाही. उलट 1996 ला सुरू झालेली मायबोली ही मराठी वेबसाइट अजून उभी आहे आणि तिथले जुने धागे आजही वाचायला मिळतात.

सिंहगड_रस्ता:

दादा, तुमचा पेट्रोलचा धागा मी वाचलाय, उत्तम आहे. पण ठराव बरोबर आहे आणि मी त्याच्या बाजूने मत देणार.

25 जुलै 2024 ची सकाळ आठवा. खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्युसेक विसर्ग होता आणि सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी. आम्ही जवळच राहतो. त्या दिवशी मला कळलं ते फोनवर आलेल्या मेसेजमुळे. फोरम उघडून बघायला कोण बसलं होतं? धरणाच्या वरच्या बाजूलाही तेच. पाणी चढायला लागलं की खाली आखूड दोराने बांधलेल्या बोटीचं नाक ओढलं जातं आणि पुढून पाणी आत शिरतं. अशा वेळी काठावर राहणारा कोणी ग्रुपवर "दोर ढिले करायला या" एवढं टाकतो आणि जो जवळ असेल तो निघतो. मालक हिंजवडीत मीटिंगमध्ये असला तरी बोट वाचते.

क्लब म्हणजे एकमेकांच्या हाकेला धावणारी माणसं. ती जिथे आहेत तिथेच हाक मारावी लागते.

निळं_शीड:

ताई, पाण्याच्या इशाऱ्यासाठी व्हॉट्सॲपच हवं, यात वादच नाही. ग्रुप बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ठराव फोरम बंद करायचा आहे, माझा विरोध त्याला आहे. इशारा दोन तासांत शिळा होतो, पेट्रोलचं उत्तर दहा वर्षं ताजं राहतं. दोन्हींना एकच जागा कशासाठी?

जाता जाता, 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक आणि व्हॉट्सॲप जगभर तासन्‌तास बंद होतं. इशाऱ्यासाठीसुद्धा फोन नंबरांची छापील यादी काठावरच्या खोलीत लावलेली हवी.

हर्णैची_लाट:

इथे सगळे शहरी सभासदांबद्दल बोलतायत. माझी बोट कोकणात असते. तिची देखभाल करणारे काका कोळीवाड्यातले. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतात. ते फोरमवर खातं उघडणार, पासवर्ड लक्षात ठेवणार, टाईप करणार? कधीच नाही. पण व्हॉइस नोट पाठवतात, आणि काय पाठवतात!

मागे एकाने विचारलं होतं की इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बारीक येतेय. (ते पाणी ओढणारं पात्यांचं चाक म्हणजे इंपेलर.) काकांची नोट आली: "धार बारीक झाली तर इंपेलर बघ. पातं मोडलेलं असलं तर मोडलेला तुकडा सापडल्याशिवाय नवा बसवू नको. तो वर जाऊन थर्मोस्टॅटपाशी अडकतो, मग नवा इंपेलर घालूनपण इंजिन तापणार." मी पुढे इंजिनाची पुस्तिका नीट वाचली, त्यात इंपेलर बदलायचा क्रम दिलाय, तुकडा शोधायचं कुठे नाही. हे ज्ञान क्लबात आलं ते केवळ बोलून पाठवता येतं म्हणून. फोरम म्हणजे ज्यांना लिहायची सवय आहे त्यांची जागा. आपल्या बोटी ज्यांच्या हातावर चालतात त्यांना तिथे तोंडच नाही.

निळं_शीड:

हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. खरा आहे.

पण ती नोट आज कुठे आहे? मला ऐकायची झाली तर कुठे शोधू? आवाजाच्या नोटेत शब्द टाकून शोधता येत नाही. तुम्हाला ती तोंडपाठ आहे म्हणून आज आम्हाला कळली. काकांचं बोलणं कोणीतरी त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी आणि त्यांना विचारून उतरवून ठेवायला हवं. ते उतरवायची जागाच ठराव बंद करतोय.

जमाखर्च:

मी हिशेब बघतो, म्हणून कोरडं बोलतो.

पैसे हा मुख्य मुद्दा नाही. सर्व्हर आणि डोमेनचा वर्षाचा खर्च एका नव्या लाइफजॅकेटच्या आसपास येतो. मुद्दा माणसाचा आहे. फोरम ज्याने उभा केला तो सभासद परदेशी गेला. सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी, अपडेट केलं की थीम मोडते, नाही केलं तर धोका. नोंदणी उघडी ठेवली की रोज बोगस खाती येतात, बंद ठेवली की खरा नवा माणूस ताटकळतो. बॅकअप घेतला जातो असं आपण धरून चालतो. तो परत उभा राहतो का, हे कोणी करून पाहिलेलं नाही.

आणि जुन्या धाग्यांची थोरवी सांगताना त्यातले किती फोटो दिसतात तेही बघा. लोक फोटो बाहेरच्या सेवांवर टाकून इथे फक्त दुवा द्यायचे. 2017 मध्ये फोटोबकेटने अशा बाहेर दाखवल्या जाणाऱ्या फोटोंसाठी वर्षाला 399 डॉलर मागायला सुरुवात केली, तेव्हा जगभरच्या फोरमांवर रिकाम्या चौकटी उरल्या होत्या. तेव्हा "आपलं ते आपल्या ताब्यात" हे अर्धंच खरं आहे. सांभाळायला माणूस नसेल तर स्वतःच्या सर्व्हरवरचंही जातं, आणि ते गेलं हे कळायलाही वेळ लागतो.

मागची_फळी:

मी फोरमच्या बाजूने. कारण एकच, पण माझ्यासाठी मोठं.

जुनी फायबरची बोट घेत होतो. फेसबुकवर जाहिरात, चकाचक रंग, किंमतही बरी. सहज बोटीचं नाव आणि लांबी आपल्या फोरमवर टाकून शोधलं. दोन मालकांपूर्वीचा धागा मिळाला. आउटबोर्ड टांगतात त्या मागच्या फळीतला प्लाय भिजून मऊ पडला होता आणि वरून नुसतं फायबरचं ठिगळ लावलं होतं. बघायला गेलो तेव्हा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फळीवर ठोकत गेलो. कडेला टणटण आवाज, मधोमध भद्द. इंजिन वर उचलून हलवलं तर फळी त्याच्याबरोबर हलत होती. विकणाऱ्याला याची कल्पना होती की नाही, मला माहीत नाही. चाळीस घोड्यांचं इंजिन लावून भर पाण्यात ती फळी सुटली असती तर बोटीत माझी मुलं असती.

हे कुठल्या ग्रुपवर सापडलं असतं?

कायदा_बघा:

सापडलं हे चांगलंच. पण जुनं सापडतं त्यात चुकीचंही सापडतं. फोरमवर बोट नोंदणीचा जो सगळ्यात लांब धागा आहे तो 1917 च्या कायद्यावर आधारलेला आहे. तो कायदा रद्द होऊन त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 आला. नव्या माणसाने शोध घेतला की पहिला तोच जुना धागा वर येतो. लांबलचक, आत्मविश्वासाने लिहिलेला, आणि आज निरुपयोगी. व्हॉट्सॲपवर विचारलं तर निदान आजचं उत्तर मिळतं.

मी फोरम बंद करा म्हणत नाही. पण "जतन" करणाऱ्यांनी छाटणीही करावी. जुन्या धाग्याच्या डोक्यावर "हे आता लागू नाही" एवढं लिहायला कोणी तयार आहे का?

पवनेची_पोर:

मी क्लबात अलीकडे आले. फेसबुकवर फोटो बघून आले, फोरम असतो हे मला आधी माहीतही नव्हतं. फोरमवर पहिला प्रश्न टाकला तेव्हा आठवडा झाला तरी कोणी फिरकलं नाही. तोच ग्रुपवर विचारला आणि संध्याकाळपर्यंत एक काकू स्वतःचं जुनं लाइफजॅकेट घेऊन काठावर हजर. त्यामुळे ग्रुपबद्दल मला जिव्हाळा आहे.

पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही. ग्रुपमध्ये शिरलं की आपला नंबर तिथल्या सगळ्यांना दिसतो. एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपमधून नंबर घेऊन मला अनोळखी माणसाचे रात्री फोन येत होते. फोरमवर मी टोपणनावाने निर्धास्त विचारू शकते, अगदी "मला नांगर टाकता येत नाही" हेसुद्धा. ग्रुपवर दोनशे माणसांसमोर, स्वतःच्या फोटोसकट ते विचारायला मला जड जातं. इतर बायकांनाही जात असणार. कमिटीने हे मनावर घ्यावं.

बंडगार्डन_वल्हं:

मी मोटारवाला नाही, वल्ह्यावर वाढलो. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब 1928 पासून आहे, रॉयल कॅनॉट बोट क्लब त्याच्याही आधी 1868 पासून. टपालाचा काळ, टेलिफोनचा काळ, सगळे बघून या जागा टिकल्या. त्या टिकल्या त्या नदीला चिकटून राहिल्या म्हणून. माझं म्हणणं एवढंच की फोरम की ग्रुप यावर सभेचा सगळा वेळ जाऊ नये. मुठेच्या पाण्याची अवस्था, काठाला उतरायला जागा, नव्या मुलांना पोहणं, यांवर कोण बोलणार?

निळं_शीड:

काका, त्यावर बोलायला हवंच. पण नव्या मुलांना शिकवायचं म्हटलं तरी शिकवलेलं कुठेतरी राहायला हवं. आमच्याकडे एक जुनी एंटरप्राइझ आहे, 1956 मध्ये जॅक होल्टने आखलेली ती साधारण तेरा फुटी, निळ्या शिडांची प्लायवूडची बोट. ती पुन्हा उभी केली तेव्हा प्लायचे सांधे कसे उघडले, इपॉक्सी भरण्याआधी लाकूड कितपत वाळू दिलं, हे सगळं फोरमवर टप्प्याटप्प्याने लिहिलेलं आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यातले एक आज हयात नाहीत. त्यांच्या हाताची रीत आता फक्त तिथे आहे. ती जागा पुसायला मी हात वर करणार नाही.

वर आलेल्या आक्षेपांतून ठरावाला उपसूचना मांडतोय. इशारे, सहली, तातडीची मदत हे सगळं व्हॉट्सॲपवरच. फोरम चालू, पण नवी नोंदणी फक्त सभासदाच्या शिफारशीने, म्हणजे बोगस खात्यांचा त्रास जाईल. फोटो आपल्याच सर्व्हरवर. ग्रुपवर कामाचं काही आलं तर आठवड्यातून एकदा कोणीतरी ते फोरमवर उतरवायचं, व्हॉइस नोटांसकट. कायद्याच्या जुन्या धाग्यावर ठळक सूचना लावायची.

जमाखर्च:

"कोणीतरी" या शब्दापाशीच अशा सूचना अडतात. सभेच्या आधी मला तीन नावं द्या. सर्व्हरचा पासवर्ड ठेवणारी दोन, दर आठवड्याला उतरवून घेणारं एक. आणि बॅकअप एकदा दुसऱ्या मशीनवर उभा करून दाखवा. नावं आली आणि बॅकअप उभा राहिला तर मी उपसूचनेला अनुमोदन देईन. नाही आली तर माझं मत मूळ ठरावाला.

हर्णैची_लाट:

उतरवून घेण्यासाठी माझं नाव लिहा. काकांना विचारलं, त्यांची ना नाही. फक्त म्हणाले, "लिहिलंस की मला वाचून दाखव, चुकीचं छापशील."

मागची_फळी:

पासवर्डासाठी मी. आणखी एक जण हवाय. बॅकअपचं या रविवारी बघतो, ज्यांना सर्व्हरचं कळतं त्यांनी निरोप करा.

सिंहगड_रस्ता:

माझं मत अजून मूळ ठरावालाच आहे. दोन जागा झाल्या की दोन्हीकडे बघणारे कमी होतात, हे मी दुसऱ्या संस्थेत पाहिलंय. पण बॅकअपसाठी लॅपटॉप लागला तर माझा घेऊन जा, रविवारी घरीच आहे.