‘वेजर’ आणि ‘बेट’ यांत फरक काय, आणि मराठीत कोणता शब्द द्यावा?

गुरुजी, घाटंजी

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. आमची एक माजी विद्यार्थिनी यंदा विधी शाखेच्या पहिल्या वर्षाला असून, भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ३० वाचताना ती ‘वेजर’ या शब्दापाशी अडली. तिच्या शब्दकोशात त्यापुढे पैज, शर्त, होड, जुगार असे शब्द एका ओळीत दिले आहेत, आणि ‘बेट’ या शब्दापुढेही तेच आहेत. गावात तर शेतीलाही जुगार म्हणतात आणि पीक विम्यालाही सट्टा म्हणतात. मग ‘विमा म्हणजे वेजर नव्हे’ असे तिच्या पुस्तकात ठामपणे लिहिले आहे, ते कोणत्या अर्थाने? जाणकारांनी कृपया सांगावे.

इंग्रजीच्या बाई, दारव्हा

गुरुजी, हे दोन शब्द गाभ्यात एकच असले तरी त्यांची जागा वेगळी आहे. ‘बेट’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे आणि पुष्कळदा त्यात पैशाचा संबंधच नसतो. ‘आय बेट ही विल बी लेट’ असे म्हणणारा ‘तो उशिरा येणार, लिहून घ्या’ एवढेच सांगत असतो. ‘यू बेट’ म्हणजे ‘अर्थातच’. आणि ‘बेस्ट बेट’ म्हणजे त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. नागपूरला वेळेवर पोहोचायचे तर सकाळची पहिली एसटी हा ‘बेस्ट बेट’ ठरतो, आणि तिथे ‘सर्वोत्तम पैज’ असे लिहिले तर वाक्याचा अर्थच हरवतो.

व्याकरणात मुलांना हमखास अडचण येते ती भूतकाळाची: ‘बेट’चे रूप ‘बेट’च राहते, ‘वेजर’चे मात्र ‘वेजर्ड’ होते. शिवाय ‘आय बेट यू टेन रुपीज दॅट इट विल रेन’ या वाक्यात कोणाशी, किती आणि कशावर ही तिन्ही माहिती क्रियापदानंतर ओळीने येते. अशी वाक्यरचना फार थोड्या इंग्रजी क्रियापदांना चालते, म्हणून ती फळ्यावर मोकळी करून दाखवावी.

‘वेजर’ हा जुना आणि भारदस्त शब्द असून त्याचा मूळ अर्थ तारण किंवा हमी असा आहे. ‘एंगेज’ आणि ‘मॉर्गेज’ यांतला शेवटचा भाग त्याच कुळातला आहे. इंग्लंडच्या जुन्या न्यायपद्धतीत प्रतिवादी शपथेवर आपली बाजू सिद्ध करण्याची हमी देत असे, त्याला ‘वेजर ऑफ लॉ’ म्हणत, आणि ती पद्धत १८३३ मध्ये रद्द झाली. आपला ‘पैज’ हा शब्दही ‘प्रतिज्ञा’ यापासूनच आला आहे, म्हणूनच आपण पैजेचा विडा उचलतो. त्यामुळे ‘वेजर’ला ‘पैज’ आणि ‘स्टेक’ला, म्हणजे पैजेत लावलेल्या रकमेला, ‘पण’ हे शब्द मला सर्वांत योग्य वाटतात. ‘पणाला लावणे’ हा वाक्प्रचार मुलांच्या तोंडी असतोच. ‘जुगार’ हा शब्द मात्र ‘गॅम्बलिंग’साठी राखून ठेवावा.

तालुका न्यायालयातील वकील, पुसद

बाईंचे म्हणणे मान्य आहे. कायद्यात मात्र या शब्दाला आणखी काटेकोर अर्थ आहे. कलम ३० म्हणते की पैजेचे करार शून्य, म्हणजे कायद्याने अंमलात आणता न येणारे, असतात आणि पैजेत जिंकलेली रक्कम मिळवण्यासाठी दावा करता येत नाही. वेजर म्हणजे काय, याची व्याख्या अधिनियमात नाही, म्हणून न्यायालये इंग्लंडमधील १८९२ च्या कार्लिल खटल्यातील न्यायमूर्ती हॉकिन्स यांच्या व्याख्येकडे वळतात. तिचा आशय असा: भविष्यातील अनिश्चित घटनेविषयी दोघांची मते परस्परविरुद्ध असावीत, निकालानुसार एकाने जिंकावे आणि दुसऱ्याने द्यावे, आणि त्या पणाव्यतिरिक्त त्या करारात दोघांचाही दुसरा कोणताही हितसंबंध नसावा. या शेवटच्या अटीवरच विमा वेगळा पडतो. कपाशी बुडाली तर नुकसान शेतकऱ्याचे होते. त्याने हप्ता भरला नाही तरी ते होणारच असते. पैजेत जोखीम पैज लावल्यामुळे जन्माला येते, विम्यात ती आधीपासूनच शेतात उभी असते.

तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, पाहणाऱ्या दोघांनी कोणती जोडी आधी येईल यावर पैसे लावले, तर ती शुद्ध पैज होय, कारण त्यांच्या बैलांचा त्यात काही संबंध नसतो. मात्र शून्य आणि बेकायदेशीर हे एक नव्हे. १९५९ मध्ये घेरूलाल पारख प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैजेचा करार शून्य असला तरी तेवढ्यामुळे त्याचा उद्देश कलम २३ खाली बेकायदेशीर ठरत नाही. सट्टापट्टीवर पोलिसांची कारवाई होते ती महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ खाली. तो विषय निराळा.

कापूस उत्पादक, वणी

वकीलसाहेबांची ती शेवटची अट कापसाच्या बाबतीत फार चांगली लागू पडते. मटक्याची सुरुवात कापसाच्या भावापासून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद भाव तारेने मुंबईला येई, आणि ज्यांच्या घरात कापसाचे एक बोंडही नसे असे लोक त्यावर आकडा लावत; पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आली. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आजही आकडा लावणाऱ्यांच्या तोंडी आहेत, ते त्या भावांचेच. घरात माल असलेल्या शेतकऱ्याने पडत्या भावाच्या भीतीने वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, आधीच विक्री केली, तर तिला ‘हेजिंग’ म्हणतात. ‘हेज युवर बेट्स’ याचे भाषांतर ‘दोन डगरींवर हात ठेवणे’ असे करतात, पण त्या मराठी वाक्प्रचारात दोष दिल्याची छटा आहे, इंग्रजीत ती असेलच असे नाही. पीक विम्याला सट्टा म्हणणे मला मनापासून खटकते, कारण दावा फेटाळताना तोच शब्द शेतकऱ्याच्या तोंडावर फेकला जातो.

गुरुजी, घाटंजी

सर्वांचे आभार. विद्यार्थिनीची एक शंका उरली आहे: जमीन दुसऱ्याची असून ती बटईने किंवा मक्त्याने करणाऱ्याने विमा काढला, तर त्याचा हितसंबंध धरला जाईल का?

तालुका न्यायालयातील वकील, पुसद

होय. हितसंबंध मालकीवरच अवलंबून नसतो. ज्याचे पीक, त्याचे नुकसान, म्हणून २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कुळे आणि बटईदारही पात्र आहेत, फक्त कराराचा कागद जवळ असावा. ज्या शेताशी आपला काहीच संबंध नाही, तिथल्या पिकाचा विमा कोणी उतरवला, तर मात्र तो पैजेसारखाच होईल. इंग्लंडमध्ये लोक अनोळखी माणसांच्या आयुष्यावर असे विमे उतरवू लागले, तेव्हा १७७४ मध्ये कायदा करून हितसंबंधाची अट घालावी लागली होती. त्या कायद्याला ‘गॅम्बलिंग अ‍ॅक्ट’ असेही म्हणतात, हे तिला टिपून ठेवायला सांगा.