मदत हवी आहे : सिंक दर तीन आठवड्यांनी तुंबते, दोष आमच्या सवयीचा की पाइपाचा?

नमस्कार.

आमच्या स्वयंपाकघरातील सिंकचा निचरा गेल्या सहा महिन्यांपासून बिघडला आहे. सिंक एकाएकी तुंबते असे नाही. आधी भांडी विसळताना पाणी तळाशी रेंगाळू लागते, मग उतरताना शेवटी गुडगुड आवाज येतो, आणि त्यानंतर चार-सहा दिवसांत पाणी काठोकाठ साचून राहते. मोकळे केल्यावर साधारण तीन आठवडे बरे जातात आणि पुन्हा तोच फेरा सुरू होतो.

सिंक स्टीलचे असून त्याखाली प्लास्टिकचा बाटलीसारखा ट्रॅप (निचऱ्याचे थोडे पाणी अडवून ठेवणारा भाग) आहे, आणि तेथून भिंतीतील तोंडापर्यंत वळ्यांचा लवचीक पाइप गेला आहे. सिंकखाली खण बसवून घेतला तेव्हा जागा व्हावी म्हणून हा पाइप थोडा बाजूला सरकवला होता. न्हाणीघरातील बेसिन आणि मोरी यांचे पाणी मात्र व्यवस्थित जाते.

आतापर्यंत केलेले उपाय असे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतले. फेस भरपूर आला, मनाचे समाधानही झाले, पाणी मात्र जागचे हलले नाही. दोनदा उकळते पाणी ओतले, त्याचा परिणाम दोन दिवस टिकला. एकदा कॉस्टिक सोडा वापरला, तेव्हा पाइप बाहेरून इतका तापला की पुन्हा ते धाडस झाले नाही. प्लंजरने दर वेळी मार्ग मोकळा होतो, पण तेवढ्यापुरताच. जाळी आम्ही नेहमी लावतो आणि खरकटे कचऱ्यात टाकतो. तेलकट भांडी मात्र न पुसता थेट साबणाने धुतो, हे कबूल केले पाहिजे.

उकळते पाणी ओतणे योग्य आहे का, कॉस्टिक सोडा पुन्हा वापरावा का, आणि ट्रॅप स्वतः उघडणे अनुभव नसलेल्या माणसाला जमेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेला आहात, आणि ते खणाविषयीचे आहे. घरातील इतर निचरे सुरळीत आहेत, म्हणजे मुख्य वाहिनी मोकळी आहे आणि अडथळा याच सिंकच्या वाटेवर आहे. मोकळे केल्यावर ठरावीक दिवसांनी सिंक पुन्हा तुंबते, याचा अर्थ गाळ साचायला कायमची एक जागा मिळाली आहे. सरकवलेला पाइप खणामागे लोंबकळत असेल, तर त्या झोळात पाणी कायम उभे राहते आणि पाइपाच्या प्रत्येक वळीत मळ धरतो. निचऱ्याच्या आडव्या पाइपाला मीटरमागे साधारण दोन सेंटीमीटर उतार हवा. झोळानंतर तो उलट होतो, म्हणजे पाण्याला चढ चढावा लागतो.

तेलाचेही थोडे सांगतो. कोमट साबणाच्या पाण्यात तेल विरघळल्यासारखे दिसते, पण पुढे पाइपाच्या थंड भिंतीला लागल्यावर त्यातला स्निग्धांश गोठून चिकटतो. पाणी जड (क्षारयुक्त) असेल, तर त्यातील कॅल्शियमशी स्निग्धाम्लांचा संयोग होऊन मेणासारखा, पाण्यात न विरघळणारा करडा थर तयार होतो, आणि जाळीतून निसटलेले बारीक कण त्यावर बसत जातात. म्हणून भांडी आधी कागदाने पुसून घेणे हा कोणत्याही रसायनापेक्षा चांगला उपाय आहे, कंटाळवाणा असला तरी.

पीव्हीसीचे निचऱ्याचे पाइप साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी धरलेले असतात, त्यामुळे उकळते पाणी टाळावे. त्याऐवजी आठवड्यातून एकदा हाताला सोसेल इतके गरम पाणी सिंकमध्ये काठापर्यंत भरावे आणि बूच एकदम काढावे. पाण्याच्या त्या लोंढ्याने मळ वाहून जातो, बारीक धारेने जात नाही. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना निष्प्रभ करतात, वायू वर निघून जातो, आणि खाली उरलेल्या पाण्यात चरबी तोडण्याची ताकद नसते.

कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो हे खरे. पण तुंबलेल्या, साचलेल्या पाण्यात तो तळाशी बसून दगडासारखा घट्ट होऊ शकतो, आणि त्याच्या उष्णतेने प्लास्टिक मऊ पडते. त्यामुळे तुमच्या पाइपात तो पुन्हा टाकू नका. आम्लयुक्त क्लीनर आणि ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून एक रसायन ओतल्यावर त्यावर दुसरे कधीही ओतू नये.

ट्रॅप उघडणे अवघड नाही. हातमोजे आणि चश्मा घाला, खाली बादली ठेवा आणि खालची वाटी हातानेच फिरवून काढा. वायसर कोणत्या बाजूने बसला होता ते पाहून ठेवा, कारण तो उलटा बसला की गळती ठरलेलीच. पुन्हा जोडल्यावर पाणी सोडून सांध्यांवर कोरडा कागद फिरवा. थेंबभर ओलही लगेच कळते. मात्र ट्रॅपवर थांबू नका, पुढचा पाइपही काढून पाहा.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. ट्रॅपमध्ये फारसे काही नव्हते. खण काढल्यावर मात्र पाइप मागे झोळीसारखा लोंबलेला दिसला, आणि कापून पाहिला तेव्हा आत करड्या थरातून जेमतेम बोट जाईल एवढीच वाट उरली होती. त्याच्या जागी आतून गुळगुळीत असलेला सरळ पाइप उतार देऊन बसवून घेतला आणि खणाची मागची फळी कापून त्याला वाट करून दिली. आता पाच आठवडे झाले. गुडगुड आवाजही थांबला आहे.

जाता जाता आणखी एक विचारतो. पाहुण्यांच्या खोलीतील बेसिन महिनोन्‌महिने वापरले जात नाही. ते तुंबलेले नाही, तरीही तेथे गटारासारखा वास येतो.

प्रतिसाद २

त्या ट्रॅपमधील पाणी आटले असावे. ट्रॅपच्या वळणात साचून राहिलेले पाच ते साडेसात सेंटीमीटर पाणी हाच गटारातील वायूला अडवणारा पडदा असतो. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली पेटंट घेतलेल्या शौचालयातील वळणाचे कामही हेच होते. बेसिनमध्ये दोन तांबे पाणी ओता आणि वरून चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाचा तवंग राहिल्याने बाष्पीभवन मंदावते, आणि इतक्या थोड्या तेलाने पाइप तुंबत नाही. दोन दिवसांनीही वास आला, तर ट्रॅपचे सांधे तपासा.