आधी तुरुंगात तक्रार, मगच कोर्ट: हा नियम आपल्याकडे आहे का?

फोर्टकर: अमेरिकेत कैद्याने आधी तुरुंगातली तक्रार आणि अपिलं पूर्ण केल्याशिवाय दावा चालत नाही. आर्थर रोडमधल्या कच्च्या कैद्याला औषधं मिळत नसतील, तर त्यानेही आधी अधीक्षकांकडे अर्ज करायलाच हवा का? नाही केला तर हायकोर्ट परत पाठवेल का?

रोजनामा: सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली (हायकोर्टातली रिट याचिका) ‘दुसरा उपाय आहे का’ हे कोर्ट पाहतं, पण ते कोर्टाने स्वतःच स्वतःला घातलेलं बंधन आहे. मूलभूत हक्काचा भंग हा त्याला अपवाद, हे व्हर्लपूल खटल्यात (१९९८) स्पष्ट झालंय. सुनील बत्रा प्रकरणात तर सुप्रीम कोर्टाने कैद्याच्या पत्रालाच याचिका मानलं.

तरीही अर्ज द्याच. सरकारी वकिलांचा पहिला प्रश्न ‘अधीक्षकांना कळवलं होतं का?’ हाच असतो. कोणतं औषध, कोणत्या तारखेपासून बंद, कोणाला सांगितलं, एवढं एका पानावर पुरे. ‘हाल होतात’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं.

औषधाचा प्रश्न असेल तर रिटच्या आधी खटला चालू असलेल्या कोर्टातच अर्ज करा. कैदी त्याच कोर्टाच्या न्यायालयीन कोठडीत असतो, त्यामुळे ते थेट अधीक्षकांचा अहवाल मागवू शकतं. सोबत हिस्टरी तिकिटाची (कैद्याच्या नोंदपत्रकाची) मागणी करा. कारागृह अधिनियम १८९४ च्या कलम ३८ प्रमाणे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सूचना त्यावर किंवा तशाच नोंदीत रोजच्या रोज उतरवायच्या असतात; मात्र औषध पुरवण्याचे आदेश त्यातून वगळलेत. त्यामुळे तिकिटावर औषधाची नोंद नाही, एवढ्यावर विसंबू नका.

फोर्टकर: आत अर्ज घेतात, पण पोच देत नाहीत. मग?

रोजनामा: तोच मजकूर नातेवाइकांनी बाहेरून स्पीड पोस्टने अधीक्षकांना पाठवावा, पावती जपावी. पुढच्या तारखेला कैद्याने न्यायाधीशांना तोंडी सांगावं आणि वकिलांनी ते कोर्टाच्या रोजनाम्यात (रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंदवून घ्यावं. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

कलमवाचक: अमेरिकेतला नियम १९९६ च्या कायद्याचा. त्यातला खरा काच मुदतीचा आहे. वुडफोर्ड विरुद्ध एन्गो (२००६) मध्ये कॅलिफोर्नियात तक्रारीला १५ कामाचे दिवस होते. कैद्याची तक्रार उशिरा गेली म्हणून तुरुंगाने ती नाकारली, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याचा दावाही अडवला. बूथ खटल्यात (२००१) कैद्याला पैशांची भरपाई हवी होती. तुरुंग ती देऊच शकत नव्हता, तरी सगळ्या पायऱ्या चढणं भाग होतं. सुटका एवढीच की वाट खरोखर उपलब्ध असावी लागते: रॉस विरुद्ध ब्लेक (२०१६) प्रमाणे ती नुसती कागदावर असेल, समजण्यापलीकडची असेल किंवा अधिकारी धाक-फसवणुकीने अडवत असतील, तर अट लागू होत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात मुदतीचं घड्याळ द्यायचं, हे मला साफ अन्यायाचं वाटतं.

रोजनामा: आपल्याकडे याच्या जवळचं काही असेल तर ते दिवाणी दाव्यात. भरपाईसाठी सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर ८०(२) खाली कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीविना दावा दाखल करता येतो. रिटला ही नोटीस लागत नाही. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जा, नंतर आयोगाला चौकशी करता येत नाही.