मदत हवी आहे: जर्मनीत एक सत्र शिक्षण आणि त्याला जोडून इंटर्नशिप

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची असून पुण्यातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेच्या सहाव्या सत्रात शिकत आहे. आमच्या महाविद्यालयाचा स्टुटगार्टजवळच्या एका हॉखशूलशी, म्हणजे उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठाशी, विद्यार्थी देवाणघेवाणीचा करार आहे आणि त्याअंतर्गत सातव्या सत्रासाठी माझी निवड झाली आहे. सप्टेंबर ते फेब्रुवारी तिथे शिकायचे आणि मार्चपासून त्याच भागातील एखाद्या कारखान्यात पाच-सहा महिने इंटर्नशिप करून ती आठव्या सत्रासाठी धरून घ्यायची, असा माझा बेत आहे. बाबा सातपूरला एका वर्कशॉपमध्ये मशिनवर काम करतात. स्टुटगार्टजवळ मुख्यालय असलेल्या बॉश कंपनीचा कारखाना नाशिकला असल्यामुळे स्टुटगार्ट हे नाव आमच्या घरात मी शाळेत असल्यापासून घेतले जाते. त्यामुळे ही संधी मला कोणत्याही परिस्थितीत वाया घालवायची नाही.

माझी सर्वांत मोठी काळजी श्रेयांकांची (क्रेडिट्सची) आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी दुसऱ्या एका महाविद्यालयातून अशाच सत्रासाठी युरोपात गेली होती. ती तिथले सगळे विषय उत्तीर्ण होऊन परत आली, परंतु इथल्या गुणपत्रिकेत दोन विषयांपुढे ‘गैरहजर’ असे छापून आले. कोणत्या विषयाऐवजी कोणता विषय धरायचा हे विभागप्रमुखांनी तिला तोंडी सांगितले होते, मात्र परीक्षा विभागाकडे त्याचा एकही कागद नव्हता, आणि दरम्यान ते विभागप्रमुखही बदलले होते. शेवटी तिला ते दोन्ही विषय मागच्या तुकडीबरोबर पुन्हा द्यावे लागले आणि हातात असलेली नोकरी गेली. ती गुणपत्रिका मी स्वतः पाहिली आहे, त्यामुळे ‘काळजी करू नकोस, आल्यावर बघू’ हे वाक्य कार्यालयात ऐकले की मला धडकी भरते.

आमच्या सत्राला २० श्रेयांक आहेत. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास, म्हणजे सत्राचे ६०० तास होतात. युरोपीय ईसीटीएस पद्धतीत सत्राला ३० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकाला २५ ते ३० तास धरतात, म्हणजे ७५० ते ९०० तास. तासांचा हिशेब केला तर तिथले २० ते २४ श्रेयांक पुरायला हवेत, परंतु आमचे कार्यालय पूर्ण ३० आणायला सांगत आहे. परक्या देशात, पहिल्याच सत्रात, सहा विषयांचा भार घ्यावा की चार विषय नीट करावेत, याबद्दल अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

दुसरा प्रश्न व्हिसाचा आहे. शिक्षणासाठी मिळालेल्या परवानगीवर सत्र संपल्यानंतर पूर्ण वेळ इंटर्नशिप करता येते का, की त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते? त्यावरच पैशांचा हिशेब अवलंबून आहे. करारामुळे शिक्षण शुल्क माफ आहे, ही मोठीच सवलत आहे, कारण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेते. पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम व्हिसासाठी आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, महिन्याला ९९२ युरो या दराने आगाऊ रक्कम दाखवावी लागणार आहे. युरो शंभर रुपयांना धरला तर सहा महिन्यांचे सुमारे सहा लाख आणि वर्षाचे बारा लाख होतात. सहा लाखांची तजवीज आई-बाबांनी केली आहे. बारा लाखांसाठी कर्ज काढावे लागेल आणि ते काढायचे की नाही हे या महिन्यात ठरवायचे आहे.

शेवटचा प्रश्न भाषेचा. मी पुण्यातील मॅक्स म्युलर भवनात जर्मनची ए२ ही प्राथमिक पातळी पूर्ण केली आहे. हॉखशूलमधील माझे विषय इंग्रजीत आहेत, पण कारखान्यात ए२ वर निभावते का? सातव्या सत्रातल्या कॅम्पस मुलाखती मला सोडाव्या लागणार आहेत, हे मी आणि घरच्यांनी विचारपूर्वक स्वीकारले आहे. त्यामुळे कृपया ‘जावे की नाही’ यापेक्षा ‘कसे जावे’ याबद्दल लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद

वयाने तू बरीच लहान असावीस म्हणून एकेरी लिहितो. मी स्टुटगार्ट परिसरात शिकलो आणि आता इथेच नोकरी करतो. आमच्या विभागात दर सत्राला इंटर्नशिपसाठी मुले येतात, त्यांत भारतातलीही असतात.

श्रेयांकांबद्दल तुझी भीती अगदी रास्त आहे. तोंडी आश्वासनावर विमानात बसू नकोस. लर्निंग ॲग्रीमेंट नावाचा जो कागद असतो, त्यावर तुझी, तुझ्या महाविद्यालयाची आणि इथल्या विद्यापीठाची अशा तीन सह्या लागतात. त्यात इथला प्रत्येक विषय आणि त्याच्यासमोर तुमचा कोणता विषय धरला जाईल हे लिहून घे. केवळ विषयाच्या नावावर विसंबू नये. हॉखशूलच्या संकेतस्थळावर ‘मोडुलहांडबुख’ असते, त्यात प्रत्येक विषयाचा आशय, तास आणि परीक्षेची पद्धत दिलेली असते. ती पाने छापून तुमच्या अभ्यास मंडळापुढे ठेव आणि मंजुरीची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात येईल असे पाहा. माणसे बदलतात, इतिवृत्त राहते.

गुणांचे रूपांतरही त्याच कागदात ठरवून घे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. तुला १.३ मिळाले आणि ते इथली पद्धत ठाऊक नसलेल्या कोणी तसेच्या तसे नोंदवले, तर काय होईल याची कल्पना कर. विषय किती घ्यावेत म्हणशील, तर नोंदणी पाच-सहांची कर, कारण एखादा विषय त्या सत्रात शिकवलाच जात नाही किंवा दोन तासिका एकाच वेळी येतात असे हमखास होते. तुझ्यासाठी अत्यावश्यक चार कोणते हे मात्र आधीच ठरव आणि तेवढ्यांवर जीव लाव. इथे आल्यावर विषय बदलला, तर करारात दुरुस्ती करून पुन्हा तिन्ही सह्या घे. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना नवी असते: वर्गात नाव असले तरी परीक्षेसाठी वेगळी नोंदणी मुदतीत करावी लागते. ती चुकली की परीक्षेला बसू देत नाहीत.

परवानगीचा मुद्दा नीट समजून घे. शिक्षणाच्या परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असलेली इंटर्नशिप त्या दिवसांत मोजली जात नाही. पण हे सारे तू इथे विद्यार्थी म्हणून नोंदलेली आहेस तोपर्यंतच. फेब्रुवारीअखेर तुझी नोंदणी संपली, तर मार्चमधली इंटर्नशिप त्या परवान्यात बसणार नाही आणि वेगळी परवानगी काढावी लागेल. म्हणून हॉखशूलच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आत्ताच विचार, की दुसरे सत्र ‘प्राक्सिससेमेस्टर’ म्हणून, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे सत्र म्हणून, तुझी नोंदणी चालू ठेवतील का. या राज्यातील हॉखशूलांत असे सत्र अभ्यासक्रमातच असते, त्यामुळे तुझी मागणी त्यांना नवी वाटणार नाही. ते हो म्हणाले, तर व्हिसाच्या अर्जातच दोन्ही सत्रांची पत्रे जोड.

पैशांबाबत एक सावधगिरीची सूचना. सक्तीच्या इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदा लागू नाही. ऐच्छिक आणि तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर लागू होतो, आणि २०२६ पासून तो दर तासाला १३.९० युरो आहे. ‘सक्तीची आहे’ असे पत्र असेल तर कंपन्या घ्यायला अधिक तयार असतात, पण मोबदला त्यांच्या मर्जीवर राहतो. म्हणून इंटर्नशिपच्या पैशांतून कर्जाचा हप्ता जाईल असे गृहीत धरू नकोस. विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्याचे महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास लागतात, तेही धर.

खोलीसाठी श्टुडिरेंडेनवेर्क या विद्यार्थी-सुविधा संस्थेच्या वसतिगृहाचा अर्ज निवडीचे पत्र हाती आले त्याच दिवशी भर. इथे आल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे सही केलेले पत्र लागते. मी केवळ भाडेकरार घेऊन गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी तो शांतपणे परत सरकवला आणि पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या नोंदीवाचून निवासाचा परवाना आणि कर क्रमांक अडला, आणि कर क्रमांकावाचून पगार.

भाषेबद्दल स्पष्ट सांगतो, डिसेंबरपर्यंत बी१ ही पुढची पातळी कर. पहिल्याच दिवशी सुरक्षेच्या सूचना जर्मनमध्ये देतात आणि त्या समजल्या अशी सही घेतात. मशिनवरची माणसे श्वाबी या इथल्या बोलीत बोलतात, ती कोणत्याच वर्गात शिकवत नाहीत. पण ‘त्साइखनुंग’ म्हटल्यावर जी मुलगी ड्रॉइंग उघडून बोट ठेवते आणि चुकीच्या जर्मनमध्ये का होईना टॉलरन्सबद्दल विचारते, तिला ती माणसे हाताला धरून शिकवतात. तू वर्कशॉपच्या घरातली आहेस, त्यामुळे मला त्याची काळजी वाटत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी छापून बाबांनाही वाचायला दिला. हॉखशूलने दुसऱ्या सत्राची नोंदणी चालू ठेवण्यास तत्त्वतः होकार दिला आहे, त्यामुळे आता वर्षभराचाच अर्ज करणार आहे आणि कर्जासाठी बँकेत कागद दिले आहेत. अभ्यास मंडळाने पाचपैकी चार विषय मान्य केले आणि गुणांच्या रूपांतराचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडायलाही होकार दिला.

आमचा ‘उष्णता संक्रमण’ हा विषय मात्र अडला आहे. त्यात प्रयोगशाळेचे तास आहेत, आणि हॉखशूलमधील समकक्ष विषयात केवळ व्याख्याने व लेखी परीक्षा आहे. कोणी अशा वेळी प्रयोगशाळेचा भाग परत आल्यावर इथे पूर्ण करून दिला आहे का, आणि असल्यास महाविद्यालयाने त्याला कोणत्या सत्रात गुण दिले? अभ्यास मंडळाची पुढची बैठक दोन आठवड्यांवर आहे, त्याआधी कळले तर मला प्रस्ताव नीट लिहिता येईल.