चैत्रगौरीचं हळदीकुंकू: २७ ला नेमकं पाणी आहे!
(टोरोंटोकडच्या आपल्या मराठी मंडळाची लिस्ट; काही मंडळी सध्या सोलापुरात)

प्रेषक: वहिनी (सध्या मु. जुळे सोलापूर)
सोमवार, २३ मार्च

घाईत लिहितेय. आपलं शुक्रवारचं, २७ तारखेचं ठरलं होतं ना आमच्या गच्चीवर, तर आज वॉचमन सांगून गेला की आमच्या भागाला पुढचं पाणी (इथे नळाला चार दिवसांनीच येतं) २७ लाच आहे आणि तेही संध्याकाळचं. म्हणजे साडेपाचला बायका येणार आणि त्याच वेळी खाली सगळ्यांच्या मोटारी चालू, जिन्यात पाइप, पार्किंगमध्ये पिंपं, आणि आमचे हे टाकीपाशी टॉर्च घेऊन. वरच्या काकू तर पाण्याच्या दिवशी फोनसुद्धा उचलत नाहीत, त्यांना कुंकवाला बोलवायचं कसं? मंगळवारी ३१ ला ढकलावं तर चार दिवसांनी परत पाणी आमचंच! शनिवार-रविवार म्हटलं तर ब्रॅम्प्टनच्या ताईंचं म्हणणं की गौरीचं शुक्रवार नाहीतर मंगळवार. लवकर सांगा, हरभरे आणायचेत, लक्ष्मी मंडईत कैऱ्या बघून ठेवल्यात. जे सोलापुरात आहेत त्यांनी तरी लिहा, कोजागिरीसारखं सगळ्यांनी वाचून गप्प बसू नका.

प्रेषक: ब्रॅम्प्टनची ताई

मी असं म्हटलेलं नाही, कृपया माझ्या नावावर घालू नका. मी म्हटलं *आमच्याकडे* शुक्रवार-मंगळवार करतात. गौर तीजेला बसते ती अक्षय्य तृतीयेला उठते, अख्खा महिना हातात आहे, एप्रिलमधला कुठलाही दिवस धरा की. फक्त १७ एप्रिलचा शुक्रवार नको, त्या दिवशी अमावास्या आहे.

प्रेषक: वहिनी

ताई, एप्रिलमध्ये गच्चीवर? चाळिशीच्या वर पारा जातो इथे, संध्याकाळी सातलासुद्धा फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. आणि ९ एप्रिलला अर्धी मंडळी परत निघालीत. मार्चमध्येच व्हायला हवं.

प्रेषक: सेक्रेटरी

सर्वांना नमस्कार. एक नम्र सूचना. मंडळाच्या लिस्टवर कार्यक्रम जाहीर करायचा तर आधी कार्यकारिणीला कळवायची पद्धत आहे. तुमचं हळदीकुंकू घरगुती आहे की मंडळाचं हे एकदा स्पष्ट करावं. २८ तारखेला इथे हॉलमध्ये पाडव्याचा कार्यक्रम आहे, त्याला अजून खुर्च्या मांडायला चार माणसं मिळालेली नाहीत आणि लिस्टवर मात्र दिवसभर सोलापूरचं पाणी चाललंय.

प्रेषक: स्कारबरोचे काका

पाणी चाललंय कुठे, येतच नाही, तोच तर प्रश्न आहे 😀

वहिनी, मी सांगतो ऐका, सरळ हॉल घ्या. इथे चार तासांच्या शाळेच्या कॅफेटेरियाला आपण जे मोजतो त्यात तिकडे दिवसभराचं कार्यालय मिळेल, वर आचारी, वाढपी, जनरेटर सगळं आलं. गच्ची, पिंपं, हे ह्या वयात कशाला?

प्रेषक: पाच्छा पेठ (सोलापुरातली खरीच पाच्छा पेठ, मी आता इथंच असतो)

काका हॉल कशाला ओ. गौरीचं हळदीकुंकू हॉलमध्ये म्हणजे बारसंच वाटायचं. आमच्या घरी करा. आमच्याकडे पाणी २८ ला आहे, २७ ला सगळं मोकळं. खाली पूर्वी लूम होते ती खोली आता रिकामीच आहे, पन्नास बायका आरामात बसतील. आई पण खूश होईल. परवा उगादीला, म्हणजे आमच्या तेलुगू पाडव्याला, तिची पच्चडी झाली, कडुनिंबाचा मोहोर आमच्या गल्लीतल्याच झाडाचा, नवी चिंच, गूळ, कैरी, मीठ, तिखट, एवढं मोठं पातेलं केलं आणि समोरच्या मराठी घरांत वाटीवाटी देऊन आली. त्यांच्याकडून गाठी आणि श्रीखंड आलं, शेजारच्या कन्नड आजींकडून बेवू-बेल्ला (कडुनिंब-गूळ) आला, तो आमच्यासारखाच, फक्त कोरडा. गुढी पण उभी आणि उगादी पण, आमच्या पेठेत एका दिवसात दोन सण होतात. तर बायकांना इकडंच घेऊन या.

प्रेषक: वहिनी

भाऊ, तुमचं म्हणणं अगदी मनापासून आहे, पण गौर आमच्याकडे बसलीय ना. पितळी पाळण्यातून उचलून रिक्षात घालून पाच्छा पेठेत आणू का? पुढे चैत्रांगण काढलंय ते कसं आणणार? आईंना मात्र माझा नमस्कार सांगा आणि त्यांनाच इकडे घेऊन या, पच्चडीची कृती पण हवीय.

प्रेषक: मिल्टन (नवीन मेंबर)

नमस्कार, मध्येच विचारतेय, सॉरी. आम्ही पण पुढच्या वर्षी मुलांना घेऊन मार्च-एप्रिल सोलापुरात काढायचं म्हणतोय. सासरचं घर विकलं, त्यामुळे भाड्याने घ्यावं लागेल. साधारण खर्च किती येतो, आणि यायचं कसं? इथे अजून ड्राइव्हवेवरचा बर्फ गेला नाही, मुलं कंटाळलीत.

प्रेषक: वहिनींचे हे

ह्यावर मीच लिहितो कारण हिला वेळ नाही. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा, पहिला मजला, भाडं ११,००० आणि मेंटेनन्स वेगळा. दुसरा मजला स्वस्त पडला असता पण पाणी वर चढवायचं म्हणून घेतला नाही, सोलापुरात फ्लॅट बघताना आधी खालची टाकी बघायची, मग बाल्कनी. टोरोंटोत एका बेडरूमला २००० डॉलरच्या वर मोजतो त्याच्या हिशोबात हे काहीच नाही. सकाळी पोळ्याला बाई येतात, भाजी दारात, रिक्षा हाक मारली की थांबते, रात्री पार्क चौकात काहीतरी खाऊन चौघं पोटभर घरी. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चक्कर मारतो, देवळात बसतो, किल्ल्याकडून परत. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागलं तर बघतो. रंगपंचमीला रंगगाडे बघायला गेलो, शर्ट टाकून द्यावा लागला. यायचं म्हणाल तर मुंबईला उतरा, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा, सकाळी सोलापूर. वंदे भारत पण आहे फेब्रुवारी २०२३ पासून, साडेसहा तासांच्या आसपास लागतात. मुलांना रविवारी कुडलला न्या, हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम आहे, तिथे शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, पोरांना आपली लिपी दगडावर वाचायला लावा. फक्त दुपारी नको, सकाळी सहाला निघायचं.

प्रेषक: स्कारबरोचे काका

हे सगळं ठीक आहे, पण स्वस्त स्वस्त म्हणून जे चाललंय ना त्यावर एकदा बोलतोच. स्वस्त कुणाला? डॉलरवाल्याला. तिथल्या पोराला विचारा, इंजिनिअर झाला की पहिली गाडी पुण्याची. आमचे वडील मिलमध्ये होते, जुनी मिल १८७७ ची, आमच्या लहानपणी भोंग्यावर घड्याळं लावायची लोकं. त्या मिल बंद पडल्या, चादरीचे लूम कमी झाले, म्हणून भाडी वाढली नाहीत. विडी वळणाऱ्या बाईला विचारा ११,००० स्वस्त वाटतात का.

प्रेषक: पाच्छा पेठ

काका बरोबर आहे की ओ तुमचं, पण अर्धंच आहे. आमच्या गल्लीतल्या विडीवाल्या दोन बायका कुंभारीला रे नगरमध्ये गेल्या राहायला. १५,००० घरं दिली ना तिथं जानेवारी २०२४ ला, विडी कामगार, यंत्रमाग कामगार सगळ्यांना. आता स्वतःच्या घरात आहेत. लांब पडतंय म्हणून कुरकुरतात, पण घर आहे. आणि पुण्याला गेलेली पोरं पण सण आला की हुतात्मा एक्स्प्रेसनं येतातच. तुम्ही मात्र २०१८ नंतर आला नाहीत, हे पण सांगतो.

प्रेषक: स्कारबरोचे काका

गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. माहिती आहे तुला.

प्रेषक: ब्रॅम्प्टनची ताई

विषयावर येऊ या का? पन्ह्याचं कोण करतंय? कैऱ्या उकडून, गुळाचं, वेलदोडा आणि केशर घालून करा. साखरेचं आणि कच्च्या कैरीचं पन्हं मला पन्हंच वाटत नाही. गेल्या वर्षी इथे कुणीतरी बाटलीतलं आणलं होतं, नाव घेत नाही.

प्रेषक: खजिनदार

ते मी आणलं होतं, आणि सगळं संपलं होतं.

बरं, माझं वेगळंच काम आहे. येताना कुणाच्या बॅगेत जागा आहे का? मला दोन डबलच्या चादरी हव्यात, जॅकार्डच्या, मोराची नक्षी असेल तर बरं. इथे सोलापुरी म्हणून विकतात त्या दोन धुण्यांत सुतळी होतात. पैसे लगेच ट्रान्सफर करते. सेक्रेटरींना: हळदीकुंकवाला मंडळाचा पैसा लागणार नाही, त्यामुळे कार्यकारिणीचा प्रश्न येत नाही. खुर्च्यांना मी आणि माझा मुलगा येतो.

प्रेषक: सेक्रेटरी

धन्यवाद. अजून दोघं लागतील.

प्रेषक: वहिनींचे हे

चादरी जड असतात हो. तेवीस किलोच्या बॅगेत दोन डबल म्हणजे शेंगाचटणीचे डबे बाहेर. एक आणतो, मोर बघून आणतो.

प्रेषक: वहिनी
मंगळवार, २४ मार्च

ठरलं. आज सकाळी जिन्यात वरच्या काकू भेटल्या, त्यांच्या कानावर घातलं. तर म्हणाल्या, "अगं पाण्याच्या दिवशीच कर की. एरवी कोण घरात सापडतंय? पाण्याला सगळ्या हजर." आणि खरंच की, त्या दिवशी कोणी माहेरी जात नाही, कोणी मार्केटला जात नाही, नोकरीवाल्या अर्धी सुट्टी टाकून येतात. मग लगेच खालच्या दोघींशी बोलून घेतलं. पाणी साधारण साडेपाचला येतं, पहिली टाकी भरेपर्यंत तासभर. मोटार, पाइप, पिंपं हे सगळं नवरे लोक बघतील, यादी काकूंनीच केलीय आणि वॉचमनच्या टेबलावर लावलीय. आमच्या ह्यांचं नाव सगळ्यात वर आहे, दोनदा.

बायकांनी सातला वर यायचं, ऊनही उतरलेलं असतं. गच्ची धुवायची म्हणजे गारवा राहतो, पाणी आलेलंच असणार, तेवढी चैन एका दिवशी चालेल. गौर गच्चीवर नेणार नाही, दर्शन खाली आमच्या हॉलमध्ये, हळदीकुंकू आणि वाटप वर. हरभऱ्यांनी ओटी, हाताला चंदन, गुलाबपाणी मी करतेय. कैरीची डाळ वरच्या काकू करतायत, त्या डाळ जाडसर वाटतात आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी, त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. पन्हं गुळाचं, उकडून. ताई, तुमच्यासाठी फोटो पाठवते.

पाच्छा पेठच्या भाऊंनी आईंना घेऊन नक्की यायचं. आसरा चौकात उतरून फोन करा, हे घ्यायला येतील. नाही, हे टाकीवर असतील, कोणीतरी येईल.

प्रेषक: पाच्छा पेठ

आई तयार आहे. ती म्हणते पच्चडी आता नाही, ती उगादीचीच. कृती सांगायला बसेल पण मापं नाहीत तिच्याकडं. आम्ही चौघं येतोय, पुरुष दोन. पाइप धरायला चालत असेल तर.

प्रेषक: मिल्टन (नवीन मेंबर)

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. पुढच्या वर्षी पाडवा ७ एप्रिलला आहे, म्हणजे गौर बसेल तोवर ऊन कडकच. तरी चालेल. वहिनी, तुमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा एखादा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होणार असेल तर वॉचमनला आत्ताच सांगून ठेवाल का?

प्रेषक: ब्रॅम्प्टनची ताई

डाळीत ओलं खोबरं घालतात का वरच्या काकू? विचारून सांगा.