मोठ्या मोटर यॉटचा पल्ला: खरंच महासागर ओलांडायला, की ब्रोशरची शोभा?

लंगरवाला (धागाकर्ता)

मोठ्या मोटर यॉटचं कुठलंही ब्रोशर उघडा. लांबी, केबिनी, डेकवरचा पोहण्याचा तलाव, आणि मग ठसठशीत अक्षरांत एक आकडा: पल्ला, म्हणजे एकदा टाकी भरली की जाता येणारं अंतर, ५,००० सागरी मैल. खाली बारीक टायपात '१० नॉट वेगाला' (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). त्या बारीक टायपाकडे नंतर येतो.

माझं म्हणणं असं की चाळीस-पन्नास मीटरच्या यॉटला एवढा पल्ला देणं ही निव्वळ हौस आहे. ठरलेला कार्यक्रम काय असतो? उन्हाळा भूमध्य समुद्रात, हिवाळा कॅरिबियनमध्ये. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं तर शंभर-दोनशे मैल. महासागर आडवा येतो तो वर्षातून दोनदा, आणि तेव्हा मालक बहुधा बोटीवर नसतोच, तो विमानाने पुढे गेलेला असतो. त्या दोन खेपांसाठी वर्षभर भल्यामोठ्या टाक्या पोटात घेऊन हिंडायचं. जागा गेली, वजन वाढलं, वजन वाढलं म्हणून इंजिन मोठं लागलं, आणि मोठं इंजिन आलं की पुन्हा डिझेल आलंच.

शिवाय दुसरी सोय आहे. यॉट वाहून नेणारी खास जहाजं असतात. जहाज स्वतःच्या टाक्यांत पाणी घेऊन आपला डेक पाण्याखाली नेतं, यॉट एकामागून एक तरंगत आत येतात, पाणबुडे खालून टेकू लावतात, पाणी उपसलं की सगळी वरात घेऊन जहाज निघतं. यॉटच्या इंजिनाचे तास वाढत नाहीत, खलाशांची झोपमोड होत नाही. मग ५,००० मैल हवेत कुणाला?

डिझेलमास्तर

लंगरवाला, बारीक टायप नंतर वाचू म्हणालात, आणि सगळा घोळ तिथेच झाला. पल्ला वेगावर ठरतो. वेग सांगितल्याशिवाय पल्ल्याचा आकडा निरर्थक आहे, आणि वेग सांगितला असेल तर तो आकडा खोटा म्हणता येत नाही.

समजा ५० मीटरची यॉट, टाकी ६०,००० लिटरची. तळातलं सगळं डिझेल पंपाला मिळत नाही, थोडं राखीवही ठेवावं लागतं, म्हणून वापरायला ५४,००० धरा. १२ नॉटला दोन्ही इंजिनं मिळून तासाला २०० लिटर पितात, वर जनरेटरचे ३०. म्हणजे साधारण २३५ तास चालेल, पल्ला २,८०० मैल. आता वेग १० नॉटवर आणा. डिस्प्लेसमेंट प्रकारच्या, म्हणजे पाण्यावर न उचलली जाता पाणी कापत जाणाऱ्या, बोटीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे इंजिनांचा खप ११६ लिटरवर येतो. जनरेटर धरून १४६. पल्ला ३,७००. आणखी उतरून ८ नॉटला ४,८००. बोट तीच, टाकीही तीच.

गंमत पुढे आहे. याच हिशेबात ५ नॉटच्या खाली गेलात की पल्ला पुन्हा घटू लागतो. बोट रांगत असते आणि जनरेटर मात्र एसी, फ्रीज आणि खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र यांच्यासाठी तासाला तेवढंच डिझेल जाळत बसतो.

वरची मर्यादाही आहे. पाणरेषेची, म्हणजे बोट पाण्याला जिथे टेकते तिथली, लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. पाणरेषा ५० मीटर असेल तर उत्तर १७ नॉट. त्या वेगाजवळ गेलं की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते आणि खपाचा आकडा बघवत नाही.

तेव्हा मोठी टाकी ही महासागरासाठीच असते असं नाही. डिझेल कुठे आणि कधी घ्यायचं हे कप्तानाला ठरवता येतं. जिथे स्वच्छ आणि स्वस्त मिळेल तिथे भरायचं, बाकीच्या बंदरांत कुणाच्या हातापाया पडायचं नाही.

शीडप्रेमी

वारा फुकट मिळतो. बाकी चालू द्या.

डिझेलमास्तर

विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात भेटू, शीडप्रेमी. तिथे तुम्हीही डिझेलच जाळता.

लंगरवाला

मास्तर, गणित बरोबर आहे, पण ते शांत पाण्याचं, नुकत्याच घासलेल्या तळाचं गणित आहे. सहा महिने बंदरात उभं राहून तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले, समोरून वारा लागला, की तुमच्या ३,७०० चे किती उरतात ते कप्तानालाच विचारा.

आणि अंतरं बघा ना. कॅनरी बेटं ते कॅरिबियन साधारण २,७०० मैल, तेही व्यापारी वारे पाठीशी. परतीला मे महिन्यात बर्म्युडा आणि अझोर्समार्गे येतात, त्यातला सगळ्यात लांब टप्पा १,८०० च्या आसपास. लॉस एंजेलिस ते होनोलुलू २,२०० च्या घरात. २००४ साली नॉर्डहॅवन या बोटी बांधणाऱ्या कंपनीच्या रॅलीत १८ मोटर बोटी फ्लोरिडातून निघून बर्म्युडा, अझोर्स करत जिब्राल्टरला पोचल्या. त्या आजच्या सुपरयॉटपुढे चिमुकल्या होत्या. थांबत थांबत जायची तयारी असेल तर ३,००० चा पल्ला पुष्कळ झाला. उरलेले २,००० शेजारच्या धक्क्यावरच्या मालकाला सांगायला.

पहाटपाळी

मोठ्या बोटींच्या इंजिन रूममध्ये काही वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. तुम्ही दोघंही लिटर मोजताय. मध्यसमुद्रात बोट अडते ती डिझेल संपल्यामुळे क्वचितच. घाण डिझेलमुळे मात्र सर्रास अडते.

टाकीच्या तळाशी साचलेला गाळ आणि पाणी बंदरात गप पडलेलं असतं. उघड्या समुद्रात लाटा कडेने येऊ लागल्या की सगळं ढवळून निघतं. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत आधी काळपट कण दिसतात, मग तळाशी पाण्याचा थेंब इकडून तिकडे लोळताना दिसतो, मग फिल्टर तुंबल्याचं दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा चढू लागतो. तो लाल पट्ट्यात जायच्या आत दुसऱ्या फिल्टरवर वळवायचं आणि पहिल्याचं काडतूस बदलायचं. इंजिन चालूच, खाली पन्नास अंश उष्मा, एक हात कठड्याला. म्हणून शहाणी बोट मोठ्या टाकीतलं डिझेल थेट इंजिनाला देतच नाही. आधी पाणी आणि गाळ वेगळा करणाऱ्या सेपरेटरमधून काढते, मग डे टँक या छोट्या टाकीत साठवते, तिथून इंजिनाला.

१९८६ मध्ये व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर दोन या वेगवान बोटीने अटलांटिक ओलांडायचा विक्रम केला. वाटेत तीनदा डिझेल घेतलं आणि त्यातल्या एका खेपेला डिझेलबरोबर पाणी आलं. फिल्टर बदलता बदलता तास गेले आणि जुना विक्रम मोडला तो फक्त दोनेक तासांनी. पल्ला कमी म्हणून वाटेत डिझेल घ्यायचं, आणि घ्यायचं म्हणून असली जोखीम पत्करायची. लंगरवाला, तुमच्या 'थांबत थांबत'ची ही दुसरी बाजू.

दुसरं, डोलणं. डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझरचे पंख बोट चालत असताना उत्तम काम करतात. इंजिन बंद पडलं की बोट हळूहळू लाटांना आडवी होते, आणि मग दिवाणखान्यातलं झुंबर खाली येणार की नाही एवढाच प्रश्न उरतो. उंच, तीन-चार मजली, काचांनी भरलेल्या यॉटवर हे फार जाणवतं.

आणि आकाराचं कौतुक जरा बेतानेच करा. १९१२ मध्ये टॉमस फ्लेमिंग डे हा ३५ फुटी 'डेट्रॉइट' घेऊन अमेरिकेतून आयर्लंडला आणि पुढे सेंट पीटर्सबर्गपर्यंत गेला, पेट्रोलच्या इंजिनावर! १९३६ मध्ये मारँ-मारी हा फ्रेंच चित्रकार 'आरिएल' या १३ मीटरच्या मोटर बोटीतून एकटा न्यूयॉर्कहून ल हाव्रला पोचला. तेव्हा ना रडार होतं ना झुंबर.

वेगवेडा

सगळे ८ नॉट, १० नॉट करत बसलेत! १९९२ मध्ये 'डेस्ट्रिएरो' ही ६७ मीटरची इटालियन बोट न्यूयॉर्कजवळच्या अँब्रोझपासून इंग्लंडच्या बिशप रॉकपर्यंत ५८ तास ३४ मिनिटांत गेली. सरासरी ५३ नॉट. वाटेत थेंबभरही इंधन घेतलं नाही. म्हणजे वेग आणि पल्ला एकत्र जमतात.

डिझेलमास्तर

जमतात हो, पण तीन गॅस टर्बाइन, साठेक हजार अश्वशक्ती, आणि निघताना बोटीच्या वजनात भला मोठा वाटा इंधनाचाच. विक्रमासाठी ठीक आहे. तिच्यावर पाहुण्यांना घेऊन कुणी महिनाभर राहील का?

नियमबुक

एक मुद्दा अजून कुणी काढला नाही. पल्ला असणं आणि परवानगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपात २४ मीटरपर्यंतच्या बोटींना जी 'अ' श्रेणी मिळते, ती बोफोर्ट ८ च्या (बोफोर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी) वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरच्या लाटा धरून केलेल्या रचनेबद्दल असते. टाकीत किती डिझेल मावतं याच्याशी तिचा संबंध नाही. विक्रेते मात्र 'अ श्रेणी म्हणजे महासागर' असं बिनदिक्कत सांगतात.

मोठ्या भाड्याच्या यॉटसाठी ब्रिटिश पद्धतीच्या नियमांत 'शॉर्ट रेंज' असा प्रकार आहे. सुरक्षित बंदरापासून ६० सागरी मैलांच्या आत आणि वारा बोफोर्ट ४ च्या आत. अशी यॉट ४,००० मैलांची टाकी घेऊन हिंडत असली तरी पाहुणे घेऊन लांब जाऊ शकत नाही. लंगरवाला यांना हा नमुना आवडेल.

लंगरवाला

आवडला! हेच म्हणतोय मी.

दक्षिणदिशा

धागा अटलांटिकच्या दोन काठांत अडकलाय. जरा नकाशा उलटा धरा. गालापागोस ते मार्केसस बेटं ३,००० मैल, आणि मध्ये काहीच नाही. पोचल्यावरही एका मोठ्या यॉटला पुरेल इतकं डिझेल लगेच मिळेल याची खात्री नाही. अंटार्क्टिकात तर विकतचं डिझेल हा प्रकारच नाही. ड्रेक पॅसेज ओलांडायला पाच-सहाशे मैल, तिथे हिमनगांतून दोन-तीन आठवडे भटकंती, तेवढंच परत. त्यात केबिनी गरम ठेवायच्या म्हणून जनरेटर सतत लोड घेऊन चालणार. तिथे पल्ल्याचा प्रत्येक मैल कामाचा. तो महासागराच्या रुंदीशी ताडून बघूच नका, दोन पंपांमधल्या अंतराशी ताडा.

आणि तुमच्या त्या वाहून नेणाऱ्या जहाजांबद्दल: २०१९ मध्ये 'माय साँग' ही महागडी यॉट मालवाहू जहाजाच्या डेकवरूनच भूमध्य समुद्रात पडली होती. स्वतः पाण्यातून चालत गेली असती तर?

लंगरवाला

ती क्रेनने उचलून डेकवरच्या पाळण्यात ठेवलेली शिडाची यॉट होती. मी लिहिलं ते तरंगत आत जाण्याच्या पद्धतीबद्दल. दोन्हींची सरमिसळ नको.

अंटार्क्टिकाचं मान्य करायला माझी हरकत कधीच नव्हती. तिकडे जाणाऱ्यांसाठी एक्सप्लोरर यॉट असतात, मजबूत, थोड्या कुरूप, कामाच्या. माझी तक्रार आहे ती पांढऱ्याशुभ्र, तीन जकुझीवाल्या, मोनॅकोबाहेर न पडणाऱ्या यॉटला 'ट्रान्सओशनिक' म्हणवून विकण्याबद्दल.

दक्षिणदिशा

पहिला मालक मोनॅकोत बसतो म्हणून तिसराही बसेल असं कुठे आहे? बोट तीस-चाळीस वर्षं चालते. एकदा बांधून झाली की टाकी वाढवणं म्हणजे बोट कापणं.

शीडप्रेमी

मोटरच हवी असेल तर 'प्लॅनेटसोलर' बघा. ३१ मीटर, २०१० मध्ये मोनॅकोहून निघाली, २०१२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परत मोनॅको. सगळं सूर्याच्या उजेडावर. पल्ला अमर्याद.

डिझेलमास्तर

दीड वर्षाहून जास्त लागलं त्या प्रदक्षिणेला. जकुझीही नव्हती. :)

नवखा_वाचक

मंडळी, विकत घेणारा मी नाही, पण कुतूहल म्हणून विचारतो. वापरलेली यॉट बघायला गेलेल्या माणसाने पल्ल्याच्या आकड्याची परीक्षा कशी घ्यायची?

डिझेलमास्तर

समुद्रचाचणीचा खपाचा आलेख मागायचा. प्रत्येक वेगाला तासाला किती लिटर, टाक्या किती भरलेल्या होत्या, आणि जनरेटर त्यात धरलाय की नाही. नुसता एक आकडा आणि एक वेग दिला तर पुढे बोलायचं नाही.

लंगरवाला

मी लॉगबुक मागेन. मुख्य इंजिनांचे तास आणि जनरेटरचे तास शेजारी शेजारी ठेवायचे. जनरेटरचे पाच-सहा पट निघाले की समजायचं, बोट धक्क्याला बांधूनच होती.

पहाटपाळी

ते दोन्ही कागद बघा, मग टाकीचं झाकण उघडायला लावा. बॅटरी मारून तळ बघा, तळाचं डिझेल बाटलीत काढून उजेडात धरा. इतकी वर्षं धक्क्याला बांधलेली बोट असेल तर बाटलीत काय येईल ते मी आत्ताच सांगू शकतो, पण लंगरवाला यांना पुन्हा आवडेल म्हणून राहू देतो.